फित्या तीन, मेडल दोन : माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना एक खुलं पत्र

मा. मंत्री साहेब,
माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य,
मुंबई

साहेब, नमस्कार. मले पत्र लिहायची सवय नाही, अर्ज लिहायची आहे, त्यामुळे मधेच कुठं "सविनय सादर करतो की" असं आलं तर सांभाळून घ्या. आर्वी तालुक्यातला शेतकरी आहे, सात एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर-पऱ्हाटी, म्हणजे काय हालत असते ते तुम्हाला माहीत आहे, त्यावर हे पत्र नाही.

हे पत्र एका पत्र्याच्या पेटीवर आहे.

पेटी सापडली म्हणणंही खोटंच होईल कारण ती हरवली नव्हतीच, कोठ्यात बैलाच्या दावणीच्या वर फळीवर होती, कितीक वर्षं आम्ही तिच्यात तुरीचं बियाणं ठेवलं, खाली उतरवली की माय तिच्यावर बसून शेंगा फोडायची. यंदा घरकुल मंजूर झालं, जुनं कवेलूचं घर अन् कोठा पाडायला काढला, सगळं सामान आंगणात आणून टाकलं आणि तेवढ्यात तो भंगारवाला आला, ते ऑटोवर भोंगा लावून येतात ना, "जुनं लोखंड, पलास्टिक, बॅटऱ्या", तो. त्यानं पेटी वजनकाट्यावर ठेवली सुद्धा. माय ओट्यावरून ओरडली, "तुह्या बाबाची पेटी हाय थे, भंगारात कायले देता रे?" मी म्हटलं माय, तळ सडला तिचा. तिनं काही ऐकलं नाही, उठून आली अन् काट्यावर ठेवलेल्या पेटीवर जाऊन बसली. भंगारवाल्यानं हात जोडले.

माझ्या पोरानं, अकरावीला आहे, ओल्या फडक्यानं झाकण पुसलं तर पांढऱ्या पेंटानं लिहिलेला नंबर निघाला, खाली इंग्रजीत बाबांचं नाव आणि तीन अक्षरं, ए.एस.सी. म्हणजे आर्मी सर्व्हिस कोर. बाबा मिलिटरीत ड्रायव्हर होते. 1967 ला भरती, 1982 ला पेन्शन, 2014 ला गेले. बियाण्याच्या खाली एक आडवी फळी होती, ती त्या पेटीचाच भाग असेल असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. पोरानं ती उचकटली.

फळीखाली काय होतं ते सांगतो, सगळं नाही, जेवढं महत्त्वाचं वाटतं तेवढं. ग्रेटकोट, त्याले कसर लागून जाळी झाली होती, हातात घेतला की भुगा. पट्टा. चिनी मातीसारखा पांढरा लेप असलेला मग, काठ उडालेला. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळते ते नोंदीचं पुस्तक. पे-बुक. एका शक्तिमान ट्रकच्या बोनेटला टेकून चार जणं उभे आहेत असा फोटो, बाबा डावीकडून दुसरे, एवढे बारीक की मायनं दाखवून दिले तेव्हा ओळखले. शक्तिमान म्हणजे जबलपूरच्या फॅक्टरीत बनायचा तो फौजी ट्रक, साहेब, टीव्हीवाला नाही, माझ्या पोरालेही आधी तेच वाटलं.

मग एक चौकोनी नाणं. मी म्हटलं आपलंच जुनं 5 पैशाचं, आपलंही चौकोनीच होतं ना. पोरानं मोबाइलचा टॉर्च मारला. एका बाजूला शिडाची होडी आणि अक्षरं उर्दू अन् बंगाली. पाकिस्तानचे 5 पैसे. तेव्हा बांगलादेश पाकिस्तानातच होता, त्यांच्या नाण्यावर दोन्ही भाषा असायच्या. हे बाबांना कुठं पडलेलं सापडलं, कोणी दिलं, की बाजारात सुट्टे म्हणून परत आले, आता कोणाले विचारावं.

बाबा 1971 ला त्रिपुरात होते. युद्धाचं त्यांनी घरात कधी काही सांगितलं नाही, म्हणजे गोळ्या झाडल्या, दुश्मन पळाला असलं काहीच नाही, आम्ही लहानपणी लय विचारायचो तर म्हणायचे, "म्या गाडी चालवली." तेवढंच. गाडी कुठं चालवली हे मले आता या वयात नकाशा उघडून कळलं. रेल्वे धर्मनगरपर्यंतच होती, तिथून आगरतळ्याकडं सगळं डोंगरातल्या अरुंद रस्त्यानं ट्रकनं न्यावं लागायचं, दारूगोळा, डिझेल, रेशन, सगळं. 3 डिसेंबरला लढाई अधिकृत सुरू झाली आणि 16 डिसेंबरला ढाक्याला पाकिस्तानच्या जनरल नियाझीनं आपल्या जनरल अरोरांसमोर शरणागतीवर सही केली, 93,000 कैदी, हे तेरा दिवस सगळ्या देशाला पाठ आहेत. आपल्या जनरल सगत सिंगांच्या फौजेनं मेघना नदी हेलिकॉप्टरनं ओलांडली त्यावरही लोकं बोलतात, बोलायलाच पाहिजे. पण त्या फौजेचं सामान आधी महिनोन्‌महिने कोणीतरी घाटातून वर चढवत होतं आणि त्याच रस्त्यानं समोरून निर्वासित येत होते, देशभरात जवळपास 1 कोटी आले. बाबांनी एकदाच, दारू पिऊन नाही बरं का, कधी घेतली नाही त्यांनी, एकदा वावरात पाणी देताना रात्री सांगितलं होतं की हॉर्न वाजवायची लाज वाटे. "लोकं चालतच राहे, बायाच्या डोक्यावर गाठोडं, म्या हॉर्न कोणाले मारू." मी तेव्हा दहावीत असेन, मले झोप आली होती.

आता पत्रांचं सांगतो कारण त्यात गंमत आहे. मायले लिहिता येत नव्हतं, अजूनही सही पुरतंच येते. ती गावच्या शाळेतल्या गुरुजींकडून पत्र लिहून घ्यायची, पत्ता बाबांचा नंबर, युनिट, मार्फत 99 ए.पी.ओ., म्हणजे फौजेचं पोस्ट, बस. फौजी माणूस नेमका कुठं आहे ते पत्त्यात लिहायचं नसते, तो आकडाच त्याचं गाव. अशी अकरा पत्रं बाबांनी जपून परत आणली होती. ऑक्टोबर 1971 च्या पत्रात गुरुजींच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं आहे, "म्हैस गाभण आहे, काळजी नसावी, चारा व्यवस्थित खाते." मी वाचून दाखवलं आणि मायले विचारलं, आपल्याकडे तेव्हा म्हैस होती? ती तोंडाला पदर लावून अशी हसाले लागली की सुनेनं पाणी आणून दिलं. "कुठली म्हैस! गुरुजीसमोर काय सांगू मी?" माझी मोठी बहीण फेब्रुवारी 1972 ची आहे. आणि गुरुजींचं घर आमच्या समोर, आमच्या कोठ्यात म्हैस नाही हे त्यांना रोज दिसत होतं. लिहिलं तरी निमूट.

एक पाकीट मामाचं आहे, अमरावतीहून मायले आलेलं, त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी 5 पैशाचं जास्तीचं तिकीट, शरणार्थी मदतीचं. 15 नोव्हेंबर 1971 पासून सरकारनं ते टपालावर लावलं होतं. मामानं लिहिलं होतं, रेडिओवर ढाका पडल्याचं सांगितलं, आता जवाईबुवा येतील. आले, पण उन्हाळ्यात. पुलगावले उतरून शकुंतलेनं, म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेनं, आर्वीले, तिथून पायी. तोवर बहीण चार महिन्याची झाली होती.

बरं, मुद्द्यावर येतो. पत्र्याच्या तपकिरीच्या डबीत दोन मेडल होते. एक संग्राम मेडल, 1971 च्या लढाईचं, आणि एक स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्षाचं, 1972 चं. मेडलच्या कडेवर, रुपयाच्या नाण्याले जिथं रेघा असतात ना तिथं, बारीक अक्षरात नंबर, पद, नाव कोरलेलं असते. हे मले माहीत नव्हतं. पोरानं टॉर्च आडवा धरला, मी चष्मा कपाळावर घेतला, आणि एकेक आकडा वाचला, तो पेटीवरच्या नंबराशी जुळला. साहेब, ती वस्तू बाजारात मिळणारी नाही, तिच्यावर माझ्या बापाचं नाव सरकारनं स्वतः कोरलं आहे, आणि ते आमच्या घरात तुरीच्या खाली पडून होतं याची मले जेवढी शरम वाटली तेवढी कर्ज थकल्यावरही वाटली नव्हती.

पण डबीत अजून एक होतं, छातीवर लावायची पट्टी, तिच्यावर तीन रंगीत फित्या शिवल्या आहेत, एका मेडलची एक फीत. तीन फित्या आणि मेडल दोन. डिस्चार्ज बुक उघडलं तर तिसरं नाव तिथं स्पष्ट आहे, पूर्वी स्टार. पूर्वेकडच्या लढाईत होते त्यांना मिळायचा तो. मायले विचारलं तर ती म्हणाली तारा तिनं कधी पाहिलाच नाही, पाहिला असता तर आठवला असता. गावातल्या एका दुसऱ्या माजी सैनिकानं समजावलं की फीत आधी लावायले मिळते अन् मेडल मागून येते, कधी माणूस बदलून जातो, कधी पेन्शन होऊन घरी येतो, मग ते येणं राहून जाते. म्हणजे बाबा पेन्शनपर्यंत ज्याची फीत छातीवर लावून फिरले ते मेडल बहुतेक त्यांच्या हाती आलंच नाही. आणि त्यांनी मागितलंही नाही. त्यांच्या स्वभावात बसते ते.

म्हणून मी मागायले गेलो. एका कार्यालयात. कोणतं ते लिहीत नाही, तिथल्या बाई चांगल्या होत्या, पाणी विचारलं. त्यांनी यादी दिली: बुकाची झेरॉक्स, मृत्यूचा दाखला, वारसाचं अॅफिडेव्हिट. सगळं दिलं. मग निघालं की डिस्चार्ज बुकात मायच्या नावापुढं "बाई" आहे आणि आधार कार्डावर "बाई" नाही. ती आणि ही एकच बाई कशावरून? अजून एक अॅफिडेव्हिट. मग बुकातलं एक पान पुसट आहे, ओरिजिनल आणा. ओरिजिनल आणलं तर ओरिजिनल जमा करता येत नाही. चार खेपा झाल्या, एका खेपेले जाणं-येणं आणि दिवस बुडाला म्हणजे फवारणीचा एक माणूस गेला. मी थांबलो. सोयाबीन कापणीले आलं होतं.

कृतघ्न नाही साहेब. 2020 ला सरकारनं माजी सैनिक अन् त्यांच्या विधवांची ग्रामपंचायतीची घरपट्टी माफ केली, मायले ते मिळालं, ती अजून दर वर्षी सांगते की माहे टॅक्स नाही. 26 जानेवारीले शाल-नारळ मिळते, तेही बरं आहे. पण आमच्या पंचक्रोशीत अशा पेट्या किती असतील याचा कोणी हिशोब केला का? मले दोन तर नक्की माहीत आहेत. एका घरी नातवानं शाळेच्या फॅन्सी ड्रेसले आजोबाचे मेडल लावले, कार्यक्रमाच्या गर्दीत पडले, सापडले नाहीत. दुसऱ्या घरची पेटी त्याच भोंगेवाल्या ऑटोत गेली, आत काय होतं कोणी पाहिलंच नाही, आणि ते आजोबा 1965 वाले होते. 1971 ला जो वीस वर्षांचा होता तो आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. त्याले विचारायचं तर आता विचारावं लागेल, पुढच्या बजेटमधे नाही.

तर मागणी अशी. एक माणूस पाठवा. इंग्रजी आणि फौजेचे शॉर्टफॉर्म वाचता येणारा, रिटायर सुभेदार असला तर सोन्याहून पिवळं, आमच्याकडे अशा लोकांना काम पाहिजेच आहे. सोबत एक फोटो काढणारं पोरगं. तालुक्याच्या गावी दोन दिवस बसा, आधी ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सांगून ठेवा, लोकं आपापली पिशवी घेऊन येतील. त्यानं डिस्चार्ज बुक वाचून घरच्यांना मराठीत सांगावं की तुमचा माणूस कुठं होता, काय करत होता. आमच्या घरात ते बुक बत्तीस वर्षं बाबांच्या जिवंतपणी होतं, कोणाले वाचता आलं नाही आणि बाबांनी वाचून दाखवलं नाही. फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक घरी, एक जिल्ह्याले. कोणाचं मेडल यायचं राहिलं असेल तर अर्ज तिथंच भरून घ्या, आणि ते "बाई"चं तिथंच मिटवा, सरपंच ओळखतोच सगळ्यांना.

वस्तू मात्र नेऊ नका. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे म्युझियममधे, काचेत ठेवू, नाव लावू, असं कोणी म्हणालं तरी माय देणार नाही, आणि मीही नाही. स्मारक, कमान हेही नको, आमच्या गावच्या कमानीवर आधीच चार नेत्यांचे फोटो आहेत, त्यात बाबा कुठं बसतील.

पूर्वी स्टार मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर तो दिला होता की नव्हता एवढं एक ओळीचं लेखी मिळावं, म्हणजे डबीत ती चिठ्ठी तरी ठेवता येईल. मायचं वय ऐंशीकडं चाललं.

माणूस पाठवलाच तर सोयाबीनच्या कापणीत किंवा कापसाच्या वेचणीत पाठवू नका, गावात कुत्रं भेटणार नाही. मार्चमधे पाठवा, सकाळी, दुपारी माय झोपते. पेटी आता नव्या घरकुलात तिच्या खाटेखाली आहे, कुलूप नाही, पण कडी वाकडी झाली आहे, उजवीकडून थोडी वर उचलून ओढली की उघडते.

आपला,
पेटीवाल्याचा मुलगा
ता. आर्वी, जि. वर्धा