लेकीला शाळेतून काढण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

लेकीला शाळेतून काढून घरीच शिकवावं का, असं तू विचारलंयस. मी शाळेत शिकवतो, म्हणजे शाळेचीच बाजू घेणार असं तुला वाटलं असेल. पण तुझी तगमग मला पटते.

जॉन होल्ट नावाचे एक अमेरिकन शिक्षक होते. वर्गात मुलांचं निरीक्षण करताना त्यांच्या लक्षात आलं, की बरीच मुलं गणिताकडे बघतच नाहीत, बाईंच्या चेहऱ्याकडे बघतात. अर्धवट उत्तर पुटपुटायचं, भुवई हलली की बदलायचं. उत्तर बरोबर येतं, गणित मात्र कळलेलं नसतं. होल्टनी आधी शाळा सुधारायचा ध्यास घेतला. पुढे ती आशा सोडली आणि १९७७ मध्ये घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक सुरू केलं.

माझ्या वर्गातही हे रोज घडतं. म्हणून शाळेनं काय शिकवावं असं कुणी विचारलं, तर माझं पहिलं उत्तर हेच: आपलं उत्तर बरोबर आहे की नाही, हे कुणाच्या तोंडाकडे न बघता ताडून पाहायला शिकवावं. वजाबाकी केलीस, आता बेरीज करून बघ. धड्यात असं लिहिलंय, पण लिहिणाऱ्याला ते कशावरून कळलं? तू म्हणतोस तसं असेल, तर आणखी काय दिसायला हवं? याला वेळ लागतो, आणि शाळेत नेमका तोच नसतो. पोर्शन संपवायचा असतो. कर भरणं, स्वयंपाक, बँकेचे व्यवहार हेही शिकवावं म्हणतात. जरूर शिकवावं, पण ते माणूस गरज पडली की शिकतो. ताडून पाहायची सवय मात्र मोठेपणी लागणं फार अवघड.

घरी शिकवणारे पालक बहुतेक वेळा हा वेळच मागत असतात. कुणाचं मूल आजारी असतं, कुणाला वर्गात छळलेलं असतं, कुणाला धर्माचं शिक्षण हवं असतं, कुणाचं मूल उशिरा वाचायला लागतं. फिनलंडमध्ये सक्तीची शाळाच सातव्या वर्षी सुरू होते. इतरत्र त्याच वयाच्या, अजून न वाचणाऱ्या मुलावर ‘मागे पडलेला’ असा शिक्का बसतो. अशा मुलाचे आईवडील त्याला घरी घेऊन गेले, तर मी त्यांना दोष देणार नाही.

तरी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. घरी बाईंचा चेहरा नसेल, पण तुझा असेल. आणि लेकीला तो बाईंच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी चांगला वाचता येतो! तुला काय आवडतं, तू कशावर चिडतोस, हे तिला तोंडपाठ आहे. तुझ्या मतांच्या विरुद्ध बोलणारं माणूस तिला रोज कुठे भेटणार? इंग्लंडचा कायदा मुलाला शाळेत ‘किंवा अन्य प्रकारे’ शिकवायची मुभा देतो, जर्मनीत मात्र शाळेत जाणं सक्तीचं आहे. २००६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं जर्मनीचा हा नियम उचलून धरला. वेगवेगळ्या विचारांच्या घरांतली मुलं एकत्र वाढावीत, हा तिथला एक मुद्दा होता. सक्ती मला मान्य नाही, मुद्दा मान्य आहे. आपण न निवडलेल्या माणसांशेजारी बसणं, त्यांच्याशी भांडणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच शेजारी बसणं, हे घरात कसं शिकवणार?

तेव्हा घरी शिकवायचं ठरवलंस, तर दोन गोष्टी कर. आठवड्यातले काही तास तरी ती तुझ्याशिवाय, दुसऱ्या मोठ्या माणसाकडून काही शिकू दे, आणि तिथे तुझ्या ओळखीबाहेरची मुलं असू देत. दुसरं, तिच्या उत्तरावर लगेच ‘बरोबर’ म्हणू नकोस. तिलाच विचार, कशावरून?

शाळेतच ठेवलीस, तर गुणांऐवजी बाईंना विचार, ही वर्गात प्रश्न विचारते का?

तुझ्या एवढ्या लांब पत्रात लेकीचं स्वतःचं म्हणणं कुठेच सापडलं नाही. तिला नेमकं काय नकोसं झालंय, बाई, मुलं, अभ्यास की सकाळी लवकर उठणं? आधी ते विचार, आणि ती जे सांगेल ते मला तिच्याच शब्दांत कळव.

तुझा मित्र