‘राजकमल’ म्हणजे फक्त बापूंचे घर नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, व्ही. शांताराम यांच्या ‘राजकमल’ या चित्रपटसंस्थेवरचा पानभर लेख वाचला आणि वाईट वाटले. शांतारामबापूंचे विवाह, ‘दो आँखें बारह हाथ’च्या वेळची बैलाची झुंज आणि डोळ्याला झालेली दुखापत, जितेंद्रला नायक म्हणून मिळालेली पहिली संधी. हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकतोच आहोत. त्यासाठी अख्खे पान कशाला अडवायचे? त्यात ‘शकुंतला’च्या छायाचित्राखाली नाव अभिनेत्री संध्याबाईंचे! १९४३ सालच्या त्या चित्रपटातली शकुंतला जयश्रीबाईंनी साकारलेली. ‘स्वस्तिक’ चित्रपटगृहात तो १०४ आठवडे चालला. संध्याबाई पडद्यावर आल्या त्या १९५१च्या ‘अमर भूपाळी’त. ज्या जयश्रीबाईंच्या चित्रपटाने या संस्थेची सुरुवात झाली, त्यांचेच नाव ‘राजकमल’वरच्या लेखात चुकावे, हे मला पटत नाही.

पण माझे खरे दुखणे वेगळे आहे. एवढ्या मोठ्या लेखात आवाजाविषयी एक ओळ नाही. संगीतकार वसंत देसाई हे नाव तुमच्या लेखकाने एकदाच घेतले आहे, तेही ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’च्या निमित्ताने. मंगेश देसाई तर नाहीतच. परळच्या त्या स्टुडिओत मंगेश देसाई री-रेकॉर्डिंगला बसत. सत्यजित राय, श्याम बेनेगल यांच्यासारखे दिग्दर्शक आपल्या चित्रपटांचा आवाज त्यांच्या हाती सोपवत. संवाद, गाणे, पार्श्वसंगीत आणि पावलांचा आवाज अशा वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र आणताना कोणाला किती पुढे आणायचे आणि कोणाला किती मागे ठेवायचे, हे त्यांच्या कानावर ठरे. प्रेक्षकाला त्यांचे नाव ठाऊक नसते, हे समजू शकते. पण चित्रपटावर पानभर लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे?

‘अमर भूपाळी’चा तर कान महोत्सवात ध्वनिमुद्रणासाठी गौरव झाला होता. परळमध्ये बनलेला, शाहीर होनाजीवरचा मराठी चित्रपट! त्याच चित्रपटाचे मध्यंतरी एका मराठी वाहिनीने काय केले, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. सकाळी लागणार म्हणून मी नातीला मुद्दाम लवकर उठवून शेजारी बसवले. ‘घनश्याम सुंदरा’ सुरू झाले, लताबाईंचा आवाज लागला, नात मान वर करून ऐकू लागली आणि पहिले कडवे संपायच्या आत जाहिराती आल्या. जाहिराती संपल्या तेव्हा गाणे संपून पुढचा प्रसंग चालू होता. ज्या भूपाळीवरून चित्रपटाला नाव मिळाले, तीच कापली! आजोबा, पुढचे गाणे कुठे गेले, असे तिने विचारले. मी काय उत्तर देणार? वाहिनीला पत्र लिहिले, त्याची पोचही आली नाही. गाणे कापणाऱ्याला आपण काय कापले हे कळत नसेल, तर त्याचे कारण हेच आहे, की आपण पन्नास-साठ वर्षे ‘राजकमल’विषयी फक्त घरातल्या गोष्टी लिहीत आलो.

वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावावरून बापूंनी संस्थेचे नाव ठेवले, हे लेखात आहे, आणि ते असायलाच हवे. पण घरची संस्था म्हणून केवळ घरचीच माणसे मोजायची का? ‘लोकशाहीर रामजोशी’साठी बापूंनी आपल्या गुरूंना, बाबूराव पेंटरांना, दिग्दर्शनासाठी बोलावले होते. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा गदिमांची, आणि तिच्या मागे औंध संस्थानातल्या, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग होता. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले ते या चित्रपटाला. आटपाडीच्या माळावरची ती हकीकत वगळून बैलाची झुंज तेवढी सांगायची, हा कसला इतिहास?

आम्ही परळची माणसे. १९४२मध्ये बापूंनी वाडियांच्या चित्रपट स्टुडिओची जागा घेतली, त्यानंतरच्या काळात या भागात सुतार, रंगारी, शिंपी, दिवेवाले अशा कितीतरी घरांची चूल ‘राजकमल’वर पेटत होती. त्यांच्यातली जी म्हातारी माणसे आज आहेत, त्यांच्याकडे तुमचा प्रतिनिधी एकदा तरी पाठवा. उशीर झाला तर विचारायला कोणी उरणार नाही. आणि छायाचित्राखालच्या नावाची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर, दिसेल अशा अक्षरांत छापा.

आणखी एक. चित्रपटगृहांच्या खेळांच्या वेळा तुम्ही छापणे बंद केले आहे. माझ्यासारख्या, मोबाइलवर शोधता न येणाऱ्या वाचकाने ‘प्लाझा’त मराठी चित्रपट लागला आहे की नाही, हे कोणाला विचारायचे? त्या जागी आता रोज अर्धे पान घरबांधणीच्या जाहिराती असतात. कृपया वेळा पुन्हा सुरू कराव्यात.

आपला,
एक जुना वाचक, परळ