वॉर्डातली पायपीट म्हणजे व्यायाम नव्हे

माझी धाकटी बहीण परिचारिका आहे. रात्रपाळी करून आली की घोट्यांवर मोज्यांचे वळ उमटलेले असतात. व्यायामाचं नाव काढलं की म्हणते, ‘ताई, रात्रभर चालतेच आहे की!’ पण सलाइन बदलत, स्ट्रेचर ढकलत, नातेवाइकांची बोलणी खात झालेलं चालणं शरीर झिजवतं. मन मोकळं करत नाही. स्वतःसाठी चालायला गेलं की झोप सुधारते, चिडचिड कमी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याची, नोंद कामाशी निगडित बाब म्हणून केली, आणि 2020 मध्ये प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला. तो वेळ आणायचा कुठून? सलग पाळ्या लावायच्या, रजा नाकारायची आणि वर योगदिनाला सक्तीने हजर राहायला सांगायचं, हा कुठला न्याय? निवासी डॉक्टरांचीही तीच गत.

रुग्णालयांनी महिन्याचं ड्युटीपत्रक आगाऊ लावावं, रात्रपाळीनंतरची सुट्टी मोडू नये आणि आवारात कर्मचाऱ्यांसाठी व्यायामाची एखादी खोली द्यावी. रिक्त पदं मात्र आधी भरा. त्याशिवाय यातलं काहीच जमणार नाही.

– एक वाचक, सांगली