वादळापूर्वी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांकडे पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वादळाच्या पूर्वतयारीची चर्चा सुरू झाली की रस्ते, वीज, निवारे आणि पिण्याचे पाणी यांचा विचार होतो; सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे नाव मात्र पूर ओसरून नदीकाठी दुर्गंधी सुटल्यावरच निघते. या केंद्रांमध्ये अनेक वर्षे पाळ्या केलेला अभियंता म्हणून याविषयी लिहीत आहे.

सांडपाणी उताराने वाहत यावे म्हणून ही केंद्रे सर्वांत सखल जागी, नदी, खाडी किंवा समुद्राच्या काठी बांधली जातात, त्यामुळे पुराचे पाणी प्रथम तेथेच शिरते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आले तेव्हा न्यूयॉर्क शहराच्या १४ पैकी १० प्रक्रिया केंद्रांचे आणि सांडपाणी पंपाने उचलून पुढे ढकलणाऱ्या ९६ पैकी ४२ उदंचन केंद्रांचे नुकसान झाले किंवा त्यांची वीज गेली. पैशांची आणि तंत्रज्ञांची वानवा नसलेल्या शहराची ही गत झाली.

टाक्यांत जास्त पाणी आले म्हणून केंद्र कायमचे बंद पडत नाही; ते बंद पडते तळमजल्यावरचे विद्युत पॅनेल बुडाल्यामुळे. पंपाची मोटर सुकवून, वाइंडिंग पुन्हा करून चालू करता येते, पण खाऱ्या पाण्यात भिजलेले पॅनेल बहुधा बदलावेच लागते आणि नवे मिळायला महिने जातात. एका केंद्रात जनरेटर चांगला उंच चौथऱ्यावर बसवलेला मी पाहिला आहे. त्याला डिझेल चढवणारा छोटा पंप मात्र खालच्या खड्ड्यात होता. गुडघाभर पाण्यात तो बुडाला आणि वरच्या लहान टाकीतले इंधन संपताच कोरडा ठणठणीत जनरेटर थांबला. म्हणून पाहणी करताना यंत्रे मोजण्यापेक्षा अपेक्षित पूरपातळीची रेघ भिंतीवर आखावी आणि तिच्या खाली काय काय येते ते पाहावे. जनरेटरची चाचणीही नुसता सुरू करून नव्हे, तर पंपांचा पूर्ण भार देऊन व्हायला हवी.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. सांडपाणी शुद्ध करण्याचे काम वायुमिश्रण टाकीतले जिवाणू करतात. पावसाचा लोंढा आला की जिवाणूंचा हा जिवंत गाळ, तो खाली बसावा म्हणून असलेल्या अंतिम निवळण टाकीतून बाहेर वाहून जातो आणि तो पुन्हा वाढून स्थिरावायला अनेक दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर केंद्र चालू दिसते, पण प्रक्रिया अर्धवटच होते. लोंढ्याच्या काळात येणारे पाणी वायुमिश्रण टाकीच्या शेवटच्या कप्प्यात सोडले, तर आधीच्या कप्प्यांतला बराचसा गाळ वाचतो. त्यासाठी लागणारी झडप अनेक केंद्रांत असतेही, परंतु वर्षानुवर्षे न फिरवल्याने ती गंजून घट्ट बसलेली असते. कोरड्या दिवसांत तिला तेलपाणी करून दोनदा उघडझाप करणे, एवढेच हे काम आहे.

तयारीच्या भरात एक चूक हमखास होते, तिच्याविषयी कळकळीने सांगावेसे वाटते. जास्त पाणी साठवता यावे म्हणून जमिनीतल्या टाक्या आगाऊ रिकाम्या केल्या जातात. भूजल वर आले की अशी रिकामी टाकी होडीसारखी उचलली जाऊन तिचा तळ तडकू शकतो. तळाखालचा दाब सोडण्याची व्यवस्था तपासल्याशिवाय टाकी रिकामी करू नये.

ऐन वादळात केंद्राच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर कचरा व चिंध्या साचून पाणी तुंबते आणि कचरा काढणारे यांत्रिक दाताळे अडकले तर माणसालाच उभे राहून तो उपसावा लागतो. रस्ते बंद झाल्याने पुढची पाळी पोहोचत नाही. म्हणून आधीच दोन पाळ्यांची माणसे, त्यांचे जेवण, झोपण्याची जागा, सुरक्षा पट्टे आणि विषारी वायू मोजण्याची उपकरणे केंद्रात हवीत. नागरिकांनीही रस्त्यावरचे पाणी घालवण्यासाठी मलवाहिनीची झाकणे उघडू नयेत, कारण तो सगळा लोंढा याच केंद्रावर येऊन आदळतो.

माझी मागणी एकच आहे. पावसाळी हंगामापूर्वी प्रत्येक केंद्राच्या पॅनेलची व इंधनपंपाची उंची, ज्ञात सर्वोच्च पूरपातळी आणि जनरेटरच्या भारासह झालेल्या शेवटच्या चाचणीची तारीख संबंधित यंत्रणेने जाहीर करावी, आणि आपल्या वृत्तपत्राने ती छापावी.

आपला,
एक निवृत्त मलनिःसारण अभियंता