दहा दिवसांत सहा देश, तेही डिसेंबरात? भावजी, जरा थांबा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हिवाळ्यात युरोपात स्वतः गाडी चालवत फिरण्यावर एक लेख आला होता. तो मी ई-पेपरवर उघडायच्या आधीच कोल्हापूरहून धाकट्या दिरांनी त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली एकच ओळ, "वहिनी, ठरलं, हाच प्लॅन!" प्लॅन काय तर २३ डिसेंबरला म्युनिकला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि साल्झबुर्ग, व्हेनिस, मिलान, इंटरलाकेन, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, सगळं दहा दिवसांत. सोबत जाऊबाई आणि दोन लहान मुलं. लेखात फोटो सगळे छान होते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की हा प्लॅन जूनचा आहे, त्यावर नुसता बर्फ भुरभुरवून डिसेंबरचा म्हणून छापलाय.

आम्ही स्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगनला राहतो, ११ वर्षं झाली, आणि जवळजवळ दर हिवाळ्यात गाडी काढून कुठेतरी जातोच, म्हणून हे पत्र.

आधी एक खुलासा करते, कारण गावाकडे आमच्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय की ही मंडळी दिवाळीला येत नाहीत पण नाताळात मात्र आल्प्समध्ये बर्फ खेळतात. अहो, दिवाळीला इथे सुट्टीच नसते! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुद्धा नवरा मीटिंगमध्ये आणि मुलं शाळेत. आणि शाळा बुडवून यायचं म्हटलं तर इथे शाळेत हजर राहणं हा कायदा आहे. २०१८ मध्ये बव्हेरियात पोलिसांनी विमानतळावर अशी कुटुंबं पकडली होती जी सुट्टी लागायच्या आधीच मुलांना घेऊन फिरायला निघाली होती, तेव्हा आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता, कारण स्वस्त तिकिटासाठी दोन दिवस आधी निघायचं हे सगळ्यांच्याच मनात कधी ना कधी आलेलं असतं. तर उन्हाळ्याचे सहा आठवडे भारतासाठी जातात आणि उरतो तो नाताळ. नवऱ्याची कंपनी नाताळ ते नवीन वर्ष बंदच असते, मुलांनाही आमच्या राज्यात ६ जानेवारीचा तीन राजांचा सण होईपर्यंत शाळा नाही, आणि घरात बसून करणार काय, साडेचारला तर अंधार. विमानाची तिकिटं त्या दिवसांत परवडत नाहीत म्हणून गाडी. डिकीत छोटा कुकर, तांदूळ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंगाचा डबा आणि दशम्या, की निघालो.

आता तो साडेचारचा अंधार, लेखात त्याचं नावही नाही आणि माझ्या मते सगळं तिथेच अडतं. डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडे सव्वाआठला सूर्य उगवतो आणि साडेचारला मावळतो, आणि डोंगरातल्या गावात तर दुपारी दोन-अडीचलाच ऊन डोंगराआड जातं. मुलांना उठवून, खाऊ घालून, जॅकेट बूट टोप्या हातमोजे (एक हातमोजा कायम हरवलेला) चढवून गाडीत बसवेपर्यंत दहा वाजतात. म्हणजे उजेडाचे सहा-साडेसहा तास. म्युनिक ते व्हेनिस मॅप सहा तासाच्या आत दाखवतो, पण तो कोरड्या रस्त्याचा हिशोब आणि मध्ये ब्रेनर घाट आहे. अंधारात, बर्फ पडत असताना, उजव्या बाजूने चालवायची सवय नसलेल्या माणसाने तो रस्ता पहिल्याच दिवशी करायचा? भावजी म्हणतात, आपण एक्सप्रेसवेला रात्रीची चालवतो की. चालवता हो, पण बोरघाटात बर्फ नसतो.

आमचं काय झालं ते सांगते. चार वर्षांपूर्वी सासूबाई-सासरे आले होते, सहा माणसं म्हणून सात सीटर गाडी भाड्याने घेतली. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात फर्नपास घाटाच्या पलीकडे एका खेड्यात किचन असलेलं घर बुक केलं होतं. मॅप म्हणत होता साडेतीन तास. निघालो शनिवारी, ही पहिली चूक, कारण तिकडे भाड्याची घरं शनिवार ते शनिवार असतात, म्हणजे अर्धा युरोप त्या दिवशी डोंगरातून उतरतो आणि उरलेला अर्धा चढतो. उल्मपासून पुढे ए-७ वर गाड्याच गाड्या आणि फ्यूसनच्या बोगद्यापाशी थोडेथोडे करून सोडत होते. तेवढ्यात मॅपने दाखवलं की डावीकडच्या गावातून जा, २० मिनिटं वाचतील. गेलो तर नाक्यावर पोलीस, परत फिरवलं. तेव्हा कळलं की टिरोलमध्ये सीझनच्या शनिवार-रविवारी नुसतं पुढे जाणाऱ्यांना मेन रोड सोडून गावात घुसायला बंदी असते, गाववाल्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं म्हणे. बरोबरच आहे त्यांचं. फर्नपास १२०० मीटरच्या थोडा वर, उंची काही फार नाही, पण वर पोचलो तेव्हा अंधार झालेला आणि बर्फ सुरू.

शेवटचे चार किलोमीटर गावाकडे चढ. तिथे निळा गोल बोर्ड, त्यात साखळी गुंडाळलेलं पांढरं टायर, म्हणजे इथून पुढे चेन लावल्याशिवाय जायचं नाही. आमच्याकडे चेन होती, एका मित्राची आणलेली, नवऱ्याने मोठ्या अभिमानाने डबा उघडला, मोबाईलच्या उजेडात बर्फात गुडघे टेकून २० मिनिटं खटपट केली आणि मग उठून माझ्याकडे असं बघितलं की मी समजले. मित्राच्या गाडीचं चाक १६ इंची, आमचं भाड्याच्या गाडीचं १७. टायरच्या अंगावर 'आर' च्या पुढे तो आकडा लिहिलेला असतो, घरी पार्किंगमध्ये दोन मिनिटं बघितलं असतं तर! आत दोन मुलं, एकाला शू लागलेली, बाबा, म्हणजे सासरे, माकडटोपी घालून शांतपणे "काय अडचण आहे का?" विचारतायत, आणि बाहेर उणे सात.

शेवटी एक शेतकरी आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले. काय बोलत होते ते कळेना, टिरोलची बोली, आमचं जर्मन क्लासातलं, नवऱ्याला एकच शब्द समजला, "मॉर्गन", म्हणजे उद्या. गाडी खाली बसस्टॉपजवळच्या पार्किंगमध्ये लावायला लावली, बॅगा ट्रॅक्टरच्या पुढच्या मोठ्या फावड्यात टाकल्या, सासूबाईंना आणि धाकट्याला केबिनमध्ये घेतलं आणि आम्हाला हाताने खूण केली, बसने या. सासूबाई वर पोचल्यावर म्हणाल्या, "माहेरी शिरोळला उसाच्या ट्रॅक्टरवर बसले होते, त्यानंतर आज." आजोबांनी पैसे घेतले नाहीत, बेसनाचे लाडू घेतले. पुढचे पाच दिवस गाडी खालीच होती, आम्ही गावच्या स्कीबसने फिरलो, स्लेज खेळलो, कुकरला खिचडी लावली, आणि खरं सांगू का, ती आमची सगळ्यात चांगली ट्रिप झाली कारण कुठे जायचंच नव्हतं.

परतीच्या वाटेवर जर्मनीत एक अपघात होऊन ट्रॅफिक थांबलं आणि थांबता थांबताच डाव्या लेनच्या गाड्या डावीकडे, बाकीच्या उजवीकडे सरकल्या आणि मधून अ‍ॅम्ब्युलन्सला सरळ रस्ता. बाबा बघत राहिले आणि मग आपल्याकडच्या लोकांना कशी शिस्त नाही यावर त्यांचं भाषण सुरू होणार होतं, मी म्हटलं, बाबा, ही गल्ली केली नाही तर २०० युरो दंड आणि महिनाभर लायसन्स जमा, आणि तरीसुद्धा त्याच गल्लीतून पुढे घुसणारे महाभाग इथेही असतात. भावजींसाठी मुद्दाम लिहिलंय, थांबायची वेळ आली की आधी बाजूला सरकायचं, अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज यायची वाट बघायची नाही.

नियमांचं थोडक्यात. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर हिवाळी टायर लागतात आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर डोंगर आणि त्यात बर्फाचा तारा असं चिन्ह असलेलेच चालतात, नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेले नाहीत. ऑस्ट्रियात असा रस्ता असेल तर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल सक्ती आणि टायरची नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल हवी. गाडी घेताना काउंटरवर हे विचारून, खाली वाकून स्वतः बघा. ऑस्ट्रियाच्या मोटरवेसाठी विनिएट, म्हणजे टोलचा पास लागतो, ते एका दिवसाचं, दहा दिवसांचं असं मिळतं, पण ब्रेनरचा टोल त्यात येत नाही, वेगळा भरावा लागतो. स्वित्झर्लंडचं विनिएट एकच, वर्षाचं, ४० फ्रँक, एक दिवस जा नाहीतर रोज जा. तिथे कॅमेरे भरपूर, वेग ताशी पाच किलोमीटरने जास्त झाला तरी मोटरवेवर २० फ्रँक. आणि गोटहार्डच्या वरचा जुना घाटरस्ता हिवाळ्यात बंद असतो, खालून १६.९ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे घाटातले ते वळणावळणाचे फोटो डिसेंबरात मिळायचे नाहीत.

सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ पूर्ण खरवडायचा, समोर टीचभर भोक पाडून निघालात तर दंड. पहिल्या वर्षी आमच्याकडे खरवडणी नव्हती म्हणून नवऱ्याने माझं स्टीलचं उलथनं नेलं, काचेवर ओरखडे अजून आहेत आणि ते उलथनं मी परत किचनमध्ये घेतलं नाही. वायपरच्या पाण्यातही न गोठणारं लिक्विड घालावं लागतं, नाहीतर ऐन ट्रकच्या मागे काच चिखलाने भरते आणि फवारा मारायला जावं तर आत बर्फ.

आणि सगळ्यात मोठा गोंधळ तारखांचा. लेखात ख्रिसमस मार्केटचं एवढं कौतुक आहे, ते खरंच आहे, ड्रेस्डेनचं १४३४ पासून चालू आहे, स्ट्रासबुर्गचं १५७० पासून, गरम वाइन, मुलांसाठी तसाच गोड गरम ज्यूस, कपाचं डिपॉझिट भरायचं आणि कप आवडला तर घरी न्यायचा (आमच्याकडे असे १९ कप झालेत, चहा त्यातच). पण जर्मनीतली बहुतेक मार्केटं २३-२४ डिसेंबरला आवरतात! आपल्याकडची मंडळी नाताळची सुट्टी लागली की येतात आणि त्यांना दिसतात ते फळ्या उतरवणारे कामगार. आम्ही दरवर्षी कुणा ना कुणा पाहुण्याचं तोंड असं पडलेलं बघतो. २४ ला दुपारपासून दुकानं बंद, २५ आणि २६ पूर्ण बंद, रविवार तर एरवीही बंदच. २०२६ मध्ये २५ तारीख शुक्रवारी येतेय, म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार सलग तीन दिवस दूध-ब्रेड सुद्धा नाही, फक्त पेट्रोल पंपावर आणि मोठ्या स्टेशनांवर जे महाग मिळेल ते. रेस्टॉरंटचंही तसंच, आधी बुक केलं नसेल तर व्हेज मिळणं सोडा, खुर्ची मिळणार नाही. म्हणून मी डबा-कुकर म्हणते तर भावजींना वाटतं वहिनी कंजूसपणा शिकवतायत.

माझा प्लॅन विचाराल तर दोन मुक्काम, बस. चार-पाच दिवस आमच्याकडे, इथून दीड-दोन तासात स्ट्रासबुर्ग, तिथून कोलमार, सपाट रस्ता, बर्फ फारसा नाही. मग सोमवारी नाहीतर मंगळवारी निघून डोंगरातलं एकच गाव पाच दिवस, दुपारी तीनच्या आत पोचायचं. युंगफ्राउयोख, म्हणजे स्वित्झर्लंडमधलं ते उंच बर्फाळ डोंगरावरचं ठिकाण, बघायचंच असेल तर तिकडे इंटरलाकेनजवळ राहा, वर ३४५४ मीटरला ट्रेनच जाते, गाडीचा संबंध नाही. व्हेनिस आणि पॅरिस मे महिन्यासाठी ठेवा, तेव्हा मीसुद्धा येईन. आणि यायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणा, इथे येऊन मिळत नाही.

हे सगळं मी भावजींना फोनवर दोनदा सांगितलंय. त्यांचं म्हणणं, "पेपरात आलंय ना वहिनी, ते काय उगीच छापतील?" म्हणून ही विनंती, जमलं तर हे पत्र नोव्हेंबरच्या आत छापा, गाडीचं बुकिंग तोपर्यंत फुकट कॅन्सल होतंय. कात्रण मीच त्यांना पाठवीन. नाव मात्र छापू नका, जाऊबाई रोज तुमचाच पेपर वाचतात.

आपली वाचक,
एक वहिनी, ब्योब्लिंगन, जर्मनी