एल्फविनचं काय झालं?

प्रिय सुधीर,

नाटकाला जायला वेळ मिळत नाही हे तुझं रडगाणं पुरे झालं. आपण आकाशवाणीच्या नभोनाट्यांवर वाढलेली माणसं, तेव्हा आता कानांनीच बघ!

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची कालप्रवासाची मालिका. तिच्यातल्याच जुन्या नटांना घेऊन बिग फिनिश ही कंपनी श्राव्य नाटकं काढते. त्यातलं 2013 सालचं ‘द लेडी ऑफ मर्सिया’ ऐकलं. डॉक्टर म्हणजे पीटर डेव्हिसन. गोष्ट 1983 सालच्या एका इंग्लिश विद्यापीठात सुरू होते आणि तिथून दहाव्या शतकात जाऊन पडते. पुढचं सांगितलं तर तू शिव्या घालशील.

पण त्या नादाने मी खऱ्या राणीच्या मागे लागलो. एथेलफ्लेड, इंग्लंडच्या दक्षिणेकडल्या वेसेक्स राज्याच्या आल्फ्रेड राजाची लेक. नवरा शेजारच्या मर्सिया राज्याचा अधिपती, तो 911 मध्ये वारला आणि कारभार हिच्या हाती आला. चढाई करून आलेल्या डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या, लोकांना रोखायला बाईने तटबंदीची गावं उभारली: 913 मध्ये टॅमवर्थ आणि स्टॅफर्ड, पुढच्या वर्षी वॉरिक. 917 मध्ये डर्बी घेतलं, तेव्हा तिच्या जिवाभावाचे चार सरदार वेशीच्या आत पडले, अशी नोंद आहे. चारच माणसं, पण लिहिणाऱ्याला लिहावंसं वाटलं! 918 मध्ये लेस्टर न लढताच मिळालं, यॉर्कची मंडळीही तिला शब्द देऊन बसली, आणि 12 जूनला ती टॅमवर्थमध्ये गेली.

हे सगळं मर्सियाच्या नोंदीत. भावाच्या, म्हणजे एडवर्डच्या, बाजूचं इतिवृत्त वाचलंस तर ती भेटते मरताना, तीही ‘राजाची बहीण’ म्हणून.

मला खरा चटका लावला तिच्या मुलीने. एल्फविन आईच्या जागी आली, आणि काही महिन्यांतच मामाने तिचे सगळे अधिकार काढून घेऊन तिला वेसेक्सला नेलं. तिच्याबद्दलची मर्सियाची नोंद तिथेच थांबते. टॅमवर्थच्या किल्ल्याजवळ 1913 मध्ये राणीचा पुतळा बसवला, त्यातही तिच्याजवळ उभा आहे तो भाचा, एथेलस्टन. लेक नाहीच. अशा माणसांसाठी नभोनाट्यच बरं. चेहरा कुणालाच माहीत नाही, तर दाखवायची सक्तीही नाही.

चार भाग आहेत, हेडफोन लावून ऐक. आणि तो मामा तुला कसा वाटला ते लिही. तू त्याची बाजू घेणार, मला ठाऊक आहे.

तुझा,
विनय