आप्पांची चौकट

सांगली, ९ मे

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला मी अजून उत्तर दिलेले नाही आणि तुझ्या आईंच्या वर्षश्राद्धाला येतो असे सांगूनही आलो नाही. याबद्दल काय लिहू? चुकले. निदान फोन तरी करायला हवा होता, पण एक महिना असाच गेला की पुढचे महिने संकोचात जातात आणि मग बोलणेच अवघड होऊन बसते. नुसती क्षमा मागायला बसलो असतो तर चार ओळींवर थांबलो असतो. गेल्या रविवारी मात्र आमच्या पुढच्या दाराच्या चौकटीवर एक गोष्ट सापडली. घरात मी ती सगळ्यांना दाखवली, पण तिचे मोल कोणाला कळले नाही, आणि ती तुझीच असल्यामुळे तुला सविस्तर लिहिणे भाग आहे. प्रकृतीचे म्हणशील तर साखर ताब्यात आहे, गुडघा जिना चढू देतो, आईला ऐकू कमी येते. बाकी सगळे ठीक.

आमच्याकडे लाकडाची कामे आप्पा चैत्र-वैशाखातच काढायचे. हवा कोरडी असते, लाकूड आक्रसलेले असते, सांधे उघडे पडतात आणि कुठे काय सुटले आहे ते डोळ्यांना दिसते. श्रावणात फुगलेल्या दारावर रंधा मारला तर शिमग्याला त्याच दारातून बोटभर उजेड आत येतो, हे त्यांनी आपल्या दोघांना किती वेळा ऐकवले असेल! यंदा मीही पाडव्यानंतर कामाला लागलो. माडीच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या बदलल्या, झोपाळ्याची फळी घासून तिला अळशीच्या बेलतेलाचे तीन हात दिले, माजघरातल्या फडताळाला नव्या फळ्या बसवल्या. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर एवढाच वेळ हाताशी असतो, कारण मधल्या उन्हात रंध्याचे पातेसुद्धा हाताला चटका देते. ही सगळी कामे मनासारखी झाली. चौकट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती.

तिची डावी बाही, म्हणजे बाजूचे उभे लाकूड, पोकळ झाली आहे. उंबऱ्याजवळ दाभण खुपसला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि हातोडीने ठोकत वर गेलो तेव्हा वीस इंचांपर्यंत रिकाम्या डब्यासारखा आवाज येत राहिला. सागवानाला वाळवी लागत नाही असे आपण म्हणतो, पण ते गाभ्याच्या लाकडाबद्दल खरे. कडेचा पांढरा भाग ती आवडीने खाते, आणि तीन महापुरांत भिजून कुजलेला गाभाही मग तिला वर्ज्य राहत नाही. आमच्या बाह्यांचे पाय दगडावर टेकलेले नाहीत, उंबऱ्याखाली थेट मातीत रोवलेले आहेत. लाकूड पाणी पिते ते तळाच्या कापलेल्या टोकाने, नळ्यांच्या जुडीसारखे, आणि त्यामुळे पूर ओसरल्यावरही ती बाही महिनोन्‌महिने ओल वर ओढत राहिली असणार. बाहेरून मात्र काही दिसत नव्हते, कारण आतले सगळे खाऊन वाळवीने रंगाखालचे कवच तेवढे उभे ठेवले होते.

त्या कवचावरचा रंग मी खरवडायला घेतला. रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये, त्याआधीच्या तैलरंगाचा भरवसा नाही, म्हणून तोंडाला फडके बांधून, पाणी मारत, बोथट पत्र्याने हळूहळू काढत होतो. वरचा चॉकलेटी थर पापुद्र्यासारखा सुटत होता आणि खालचा हिरवा, आपल्या कॉलेजच्या वेळचा, जागच्या जागी राहत होता. उंबऱ्यापासून सतरा इंचांवर तुझी खाच आली. ती रंगातूनही नेहमी दिसायचीच. पण तिच्याखाली एका बोटावर, हिरव्या रंगावर, सुतारी पेन्सिलीची एक सरळ रेघ निघाली, गुण्या धरून मारलेली, आणि दोन्हींच्या शेजारी आप्पांच्या त्या किरट्या अक्षरांत लिहिलेले होते: ‘वरची श्रीकांतची, ओल. खालची माझी, गाळ. २००५.’

मी तसाच उंबऱ्यावर बसून राहिलो. आई आतून विचारत होती की काम का थांबले, आणि मला तिला ओरडून सांगण्याजोगे काही सुचेना.

तुला ते भांडण आठवत असेलच, कारण माझ्या समजुतीप्रमाणे तू ते कधी विसरला नाहीस. पाणी उतरल्यावर घरात घोटाभर चिखल होता, तू हरिपूरहून पायी आला होतास, आणि पहिला फावडा मारण्याच्या आधी ‘पाणी कुठवर आले याची खूण आधी करा, मग धुवा’ असा आग्रह धरलास. तोवर सगळे ठीक होते. मग तू आप्पांची चांगली पाऊण इंची पटाशी घेतलीस आणि भिजलेल्या लाकडाचा काळपट रंग जिथे संपत होता तिथे खाच पाडलीस. आप्पांचे म्हणणे असे की लाकूड पाणी वर ओढते, त्यामुळे ओलीची रेघ खोटी. पाणी जिथे उभे राहिले तिथे गाळाची आणि फेसाची कड बसते, ती खरी. तुझे म्हणणे असे की गाळ बसतो तो पाणी बराच वेळ थांबते तिथे. रात्री तास-दोन तास ते बोटभर वर जाऊन आले असेल तर गाळ ते सांगणार नाही. दोघेही चिखलात उभे राहून अर्धा तास वाद घालत होता. शेवटी पटाशी खिळ्यावर बसून तिची धार मोडली आणि आप्पा तुला जे बोलले ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. ‘सांगलीच्या घरांना उंबरा काय करायचा, धक्का बांधा आणि नावा लावा’ असे म्हणून तू सगळ्यांना हसवलेस, आप्पाही हसले, पण त्यानंतर जवळजवळ वर्षभर तू आमच्या ओसरीवर बसला नाहीस. तुझी बाजू घेतली नाही म्हणून माझ्याशीही तू तुटक वागलास. मी तेव्हा आप्पांना घाबरून गप्प बसलो होतो, हे आज कबूल करतो.

दिवाळीच्या आधी त्यांनी चौकट रंगवली तेव्हा तुझी खाच लांबी भरून बुजवणे त्यांच्या हातचे होते, आणि त्यांनी ती तशीच ठेवली. उलट रंग देण्याआधी स्वतःची रेघ मारून दोन्हींची नोंद केली आणि याबद्दल शेवटपर्यंत कोणाला अवाक्षर सांगितले नाही.

पण खरे सांगायचे ते पुढेच आहे. २०१९ ची खूण त्यांनी स्वतः केली होती, जवळपास एकसष्ट इंचांवर, आणि २०२१ ची बत्तीस इंचांवर. या दोन्ही ठिकाणी पेन्सिलीच्या जोड रेघा आहेत. हात थरथरल्यामुळे रेघ दोनदा मारली गेली असेल अशी माझी इतकी वर्षे समजूत होती, आणि वयाच्या मानाने ते साहजिकही वाटे. रविवारी मी टेप लावून मोजले. दोन्ही ठिकाणी अंतर एकाच बोटाचे आहे, आणि काच घेऊन पाहिले तेव्हा वरच्या रेघेच्या टोकाला बारीकसा ‘ओ’ आणि खालच्या रेघेच्या टोकाला ‘गा’ दिसला. म्हणजे २००५ नंतरच्या दोन्ही पुरांत आप्पांनी तुझ्या पद्धतीनेही मोजले. तुझे म्हणणे त्यांनी मान्य केले होते, श्रीकांत, निदान नोंद ठेवण्याइतके तरी नक्कीच. २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि २०२१ मध्ये ते ५५ च्या आसपास होते; आमच्या चौकटीवरच्या गाळाच्या रेघांत एकोणतीस इंचांचे अंतर आहे, म्हणजे जवळपास अडीच फूट. पुलावरचा आकडा आणि आप्पांची पेन्सिल एकमेकांना धरून आहेत.

आता माझी काळजी ऐक. पोकळ भाग वीस इंचांपर्यंत आहे आणि तुझी खाच व ते अक्षर सतरा इंचांवर, म्हणजे नेमके जे कापून टाकायचे त्यातच. मिस्त्री म्हणतात की सगळी चौकट काढून ग्रॅनाइटची बसवा, पुन्हा चिंता नको. चिरंजीवांचे म्हणणे आहे की पूरक्षेत्रात लाकूड ठेवण्यातच अर्थ नाही, दारही यूपीव्हीसीचे घ्यावे. तो वाईट हेतूने बोलत नाही, २०१९ मध्ये चिखल त्यानेच उपसला होता. मी दोघांचेही ऐकलेले नाही. वखारीतून एका उतरवलेल्या वाड्याच्या तुळईचे जुने, मुरलेले सागवान आणले आहे. दोन्ही बाह्या अडीच फुटांवर कापायच्या, अर्ध्याला अर्धा असा जोड करून नवे पाय बसवायचे, जोडाला बाहेरच्या अंगाला उतार द्यायचा म्हणजे पाणी त्यात थांबणार नाही, आणि पायांची कापलेली टोके राळेने बंद करून ती मातीऐवजी दगडावर टेकवायची, असे ठरवले आहे. इथवर मला काही अडचण वाटत नाही. रेघ नव्या लाकडावर उतरवता येईल, खाचही पाडता येईल. अक्षर कसे उतरवणार? गिरवले तर ते माझे होईल.

म्हणून मिरजेला गेलो. सतारमेकर गल्लीतल्या एका वृद्ध कारागिरांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी हातातली तुणाच्या लाकडाची पट्टी बाजूला ठेवून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले की दर्शनी कवच अर्धा इंच तरी धड असेल तर ते वेगळे काढता येईल. आधी रंगावर खळीने मलमलीचा तुकडा चिकटवायचा, म्हणजे कापताना पापुद्रे झडणार नाहीत; मग बारीक दातांच्या आरीने मागून कापत यायचे, मागची भुसभुशीत बाजू राळ पाजून टणक करायची, नव्या पायात तेवढाच खड्डा खोदून तो तुकडा त्यात बसवायचा आणि शेवटी ओल्या स्पंजाने मलमल सोडवायची. चिकटवायचे कशाने यावर आम्ही दोघे अडलो. ते सरस वापरतात, कारण तो ऊब आणि पाणी दिले की सुटतो आणि वाद्य पुन्हा उघडता येते. पण आमच्याकडे पुढचा पूर आला तर तो तुकडा आपणहून तरंगत हरिपूरला जाईल. पाण्याला न सुटणारे चिकटवण लावले तर तो पुन्हा कधीच काढता येणार नाही. शेवटी चार पितळी स्क्रू, असे ठरले. लोखंडी नकोत, सागवानात ते ओलीने काळे डाग पाडतात.

उंची कुठून मोजायची हा आणखी एक प्रश्न होता. खाली नवा दगड येणार म्हणजे उंबरा इंचभर वर सरकणार, आणि मग सतरा इंच हे सतरा राहणार नाहीत. म्हणून मी सगळी मापे वरून, गणेशपट्टीच्या खालच्या कडेपासून घेऊन ठेवली आहेत. लाकूड ऋतूप्रमाणे रुंदीत फुगते आणि आक्रसते, लांबीत त्याचा फरक नाहीसारखाच असतो. त्यामुळे गणेशपट्टीपासून तुझ्या खाचेपर्यंतचे अंतर २००५ मध्ये जे होते तेच आज आहे, ही एक गोष्ट तरी वाळवीला बिघडवता आलेली नाही.

तुझी बदली झाल्याचे भाऊसाहेबांकडून कळले. क्वार्टर मिळाले का? मनूचा बारावीचा निकाल लागला की लगेच कळव, आणि तिला आर्किटेक्चरलाच जायचे असेल तर जाऊ दे, उगीच आडवा येऊ नकोस. वहिनींच्या हाताचे प्लास्टर निघाले असेल. त्यांना नमस्कार सांग.

ते कवच मी अजून कापलेले नाही. मलमल आणून ठेवली आहे, आरीला धार लावली आहे, आणि मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, हे काम व्हायलाच हवे. पावसाने बाही भिजली तर राळ धरणार नाही. एक रविवार काढून ये. तुकडा मागून कापताना समोरून तो धरायला दुसरा माणूस लागतो आणि या कामाला मी मिस्त्रींना बोलावणार नाही. ती पाऊण इंची पटाशीही मिळाली आहे, माळ्यावर आप्पांच्या पेटीत होती. मोडलेल्या धारेला त्यांनी पुन्हा पाणी देऊन घेतले होते.

येण्याआधी एकच कळव: २०१९ च्या वेळी तू माडीवरून फोटो काढले होतेस, त्यांत दाराचा वरचा भाग दिसतो का? गाळाच्या रेघेशी ताडून पाहायचा आहे.

तुझा,
अरविंद